‘तुमच्या घराच्या भिंतीवर लावलं तर?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्टिकर आणि स्ट्रीट आर्टवरच्या माझ्या लेखावर तुम्ही जी कमेंट टाकलीत ती मी दोन-तीनदा वाचली आणि लक्षात आलं की दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की परवानगी नसताना दुसऱ्याच्या भिंतीवर काहीही चिकटवणं ही सरळसरळ नासधूस आहे, मी तिला कला म्हणून पोरांना चुकीची वाट दाखवतेय, आणि हेच लोक उद्या गॅलरीत जाऊन लाखोंनी विकतात तेव्हा यांची बंडखोरी कुठे जाते. शेवटी विचारलंत, ‘तुमच्या घराच्या भिंतीवर लावलं तर चालेल का?’ त्याचं उत्तर देणार आहे, टाळणार नाही, पण आधी बाकीचं बोलू.

पहिली गोष्ट, तुमचा राग मला खोटा वाटत नाही. घाणीनं घाण वाढते हे तुम्ही म्हणालात त्याला पुरावाही आहे. हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहरात एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आला. एका गल्लीत सायकली लावलेल्या, प्रत्येक हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवलेला, आणि कचऱ्याचा डबा मुद्दामच ठेवलेला नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी तो कागद तिथेच टाकला, आणि त्याच भिंतीवर खरडून ठेवल्यावर ६९ टक्के लोकांनी. दुपटीपेक्षा जास्त. हा आकडा मला आवडत नाही, पण तो आहे आणि मी तो लपवणार नाही. जुन्या दगडी बांधकामावर स्प्रे मारला तर रंग दगडाच्या आत झिरपतो आणि तो काढताना दगडाचं वरचं कातडंच निघतं, त्याचंही मी समर्थन करत नाही, आणि वाहतुकीच्या पाटीवर स्टिकर लावून वळणाची खूण झाकणाऱ्याला तर मी कलाकार म्हणणारच नाही, कुणाचा तरी जीव जाईल त्याने.

पण मी लेखात लिहिलं होतं ते या सगळ्याबद्दल नव्हतं, आणि तिथे मला वाटतं तुम्ही सगळं एकाच पोत्यात भरलंत.

मी ज्या रस्त्याने रोज जाते तिथे एक विजेचा डबा आहे, कमरेएवढ्या उंचीचा, मूळचा रंग कुठला होता हे आता सांगता येत नाही. त्याच्या एका बाजूला स्टिकरचे इतके थर झालेत की कडेने बघितलं तर पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात. गेल्या पावसाळ्यात त्यातला एक कोपरा सुटला होता, तर मी उभी राहून नखाने थोडा उचकटून बघितला. वर कुणीतरी हाताने काढलेलं मांजर, मार्करचं, निळी शाई उन्हाने जांभळट झालेली. त्याच्या खाली क्लासची जाहिरात. तिच्या खाली नुसतं एक नाव, मोठ्या फुगीर अक्षरात. आणि सगळ्यात खाली, डब्याच्या पत्र्याला चिकटून, परत जाहिरात, कर्ज मिळेल अशी, फोन नंबरसकट. आता मला सांगा, तुमच्या कमेंटमध्ये या चारातल्या फक्त दोघांवरच राग का आहे? जाहिरातवाल्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. ते आपल्याला दिसतच नाहीत कारण काहीतरी विकणारा कागद रस्त्यावर असणारच असं आपण धरून चाललोय, आणि काहीच न विकणारा कागद दिसला की मात्र आपण दचकतो, याला काय म्हणायचं?

इथे मला कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराचं उदाहरण द्यायचंय, कारण ते माझ्या डोक्यातून जातच नाही. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्टेशनांवर जाहिरातीची मुदत संपली की त्या चौकटीवर काळा मॅट कागद चिकटवून ठेवायचे, पुढची जाहिरात येईपर्यंत. हा पोरगा खिशात पांढरे खडू घेऊन फिरायचा, रिकामी चौकट दिसली की काही मिनिटांत रांगणारं बाळ, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसं काढायचा आणि पुढच्या गाडीत बसून निघून जायचा. अनेकदा पोलिसांनी पकडलं, दंड झाला. आता खडूची रेघ म्हणजे काय असते हे आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहितीये, बोट फिरवलं की गेली. हजारो लोकांच्या खांद्याला खांदा घासणाऱ्या त्या फलाटावर कुणालाही ते पुसता आलं असतं, आणि तरी ती चित्रं टिकायची, नवी जाहिरात येऊन झाकेपर्यंत.

आणि हॅरिंगने ते काम १९८५ च्या आसपास थांबवलं. तोवर त्याचं नाव झालं होतं, गॅलरीत चित्रं विकली जात होती, आणि लोक स्टेशनवरचे काळे कागदच चौकटीतून सोडवून घेऊन जायला लागले, विकायला. म्हणजे चित्र काढून तो वळला की कागद गायब. ज्यांच्यासाठी काढलं ते फलाटावरचे लोक बघणारच नाहीत तर कशाला काढायचं? २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात अशी ३१ खडूचित्रं एकत्र विकली गेली, ९० लाख डॉलरच्या वर रक्कम झाली. हॅरिंग १९९० मध्येच गेलेला.

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय आणि तेच मला तुम्हाला सांगायचंय. रस्त्यावरच्या कामाचा एक न लिहिलेला करार असतो: मी न विचारता लावलं, तू न विचारता काढ. स्टिकर लावणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. पाऊस येणार, ऊन येणार, सफाईवाला येणार, दुसरा कुणीतरी वर आपला स्टिकर लावणार. म्हणून ज्याने आपल्या दारावरचा स्टिकर खरवडून काढला त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही, त्याने करार पाळला. करार मोडतो तो, जो भिंतीचा तुकडा कापून घेऊन जातो आणि विकतो.

तसं झालंयही. लंडनमध्ये वुड ग्रीन भागात एका दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर बँक्सीचं, म्हणजे नाव-चेहरा लपवून भिंती रंगवणाऱ्या तिथल्या प्रसिद्ध कलाकाराचं, काम आलं होतं, २०१२ साली, शिलाई मशीनवर बसून पताका शिवणारं लहान पोर. वस्तीतल्या लोकांना ते आवडलं, बघायला माणसं यायला लागली. २०१३ च्या फेब्रुवारीत एक दिवस तिथे नुसता गिलावा. चित्र थेट अमेरिकेत मायामीच्या लिलावात दिसलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर तिथून मागे घेतलं, पण शेवटी त्याच वर्षी लंडनमध्ये विकलं गेलंच. कायद्याने बघाल तर भिंत मालकाची, सगळं चोख. मग तुमच्या हिशोबाने नासधूस कुणी केली, ज्याने रात्री लावलं त्याने की ज्याने भिंत कापली त्याने?

परवानगीचं म्हणाल तर तीही वाटते तेवढी सरळ गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाची जुन्या कारखान्याची इमारत होती, तिथे मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं कलाकार काम करायचे, कोण कुठे रंगवणार याची नीट व्यवस्था होती, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच सगळं रीतसर. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फासला, जागेवर टॉवर उभे करायचे होते. कलाकार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी २१ कलाकारांना ४५ कामांसाठी मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई द्यायला लावली, वरच्या कोर्टातही निकाल टिकला. १९९० चा एक कायदा आहे तिकडे, कलाकृती विकली किंवा दुसऱ्याच्या जागेत असली तरी कलाकाराचा तिच्यावर काही हक्क उरतो असं सांगणारा. म्हणजे मालकी हा शेवटचा शब्द नाही असं खुद्द कोर्टच म्हणतंय, मी एकटी नाही.

आता स्टिकरकडे येते, कारण तुमचा मुख्य रोख तिकडेच होता, ‘स्टिकर चिकटवायला काय अक्कल लागते’ असं लिहिलंत तुम्ही. १९८९ मध्ये शेपर्ड फेअरी हा अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या कला महाविद्यालयात शिकत होता. मित्राला स्टेन्सिल कसं कापायचं ते शिकवताना पेपरमधला एका अगडबंब कुस्तीगिराचा, आंद्रे द जायंटचा, फोटो हाताशी आला, त्याचा स्टिकर केला, शेजारी उंची आणि वजन लिहिलं, ७ फूट ४ इंच, ५२० पौंड, आणि लावत सुटला. अर्थ काहीच नाही. आणि अर्थ नाही म्हणूनच लोक थांबून विचार करायला लागले की हे काय आहे, कोण लावतंय, कशासाठी. मित्रांनी दुसऱ्या शहरात नेऊन लावले. पुढे कुस्तीवाल्या कंपनीने नावाच्या हक्कावरून डोळे वटारले तेव्हा त्याने नाव काढून टाकलं, नुसता चेहरा आणि खाली ओबे, म्हणजे ‘आज्ञा पाळा’, असा एक शब्द. त्याच माणसाने २००८ मध्ये ओबामांचं लाल-निळं होप पोस्टर केलं, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने संग्रहात घेतलं, आणि पुढच्याच फेब्रुवारीत बोस्टनमध्ये एका म्युझियममध्ये त्याच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं त्या रात्री तिथे जाता जाता पोलिसांनी त्याला पकडलं, भिंतींवर लावण्याच्या जुन्या प्रकरणांसाठी.

बाकी अक्कल किती लागते ते माहिती नाही, पण निगुती लागते. अमेरिकेत टपाल खात्याची फुकट मिळणारी पत्त्याची लेबलं पोरं घरी नेऊन रात्रभर हाताने रंगवतात, प्रत्येक वेगळं. एगशेल म्हणून एक जात आहे, अंड्याच्या कवचासारखी ठिसूळ, मुळात वस्तूचं सील कुणी उघडलं का हे कळावं म्हणून बनवलेलं ते मटेरियल, ओढलं की नखाएवढे तुकडे पडतात आणि पूर्ण स्टिकर कधीच हातात येत नाही. खळ लावून चिकटवलेला कागद वेगळा, त्याला पहिल्या पावसात पोपडे धरतात. कुठल्या पृष्ठभागावर काय टिकेल, किती उंचीवर लावलं तर हात पोचणार नाही, दुसऱ्याचं चांगलं काम झाकायचं नाही, हे सगळं त्या लोकांत पाळलं जातं आणि न पाळणाऱ्याला बोलणीही बसतात.

स्टिकर म्हणजे आपोआप चांगलं असंही मी म्हणत नाहीये हां. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कामगार संघटनेचे लोक छोटी डिंकाची लेबलं कारखान्यात आणि मालगाडीच्या डब्यांवर चिकटवायचे, त्यांना ते मूक प्रचारक म्हणायचे. पण त्याच्याही आधी, १८८० पासूनच, जर्मनीत ज्यूंविरुद्ध विष ओकणारी लेबलं तशीच चिकटवली जायची. बर्लिनच्या इर्मेला मेन्सा-श्राम या बाई १९८६ पासून पिशवीत खरवडणी घेऊन फिरतात आणि नाझी स्टिकर दिसला की काढतात, आणि काढलेले जपून ठेवतात, प्रदर्शनात मांडतात. द्वेषाच्या ओळींवर स्वतः रंग मारला म्हणून त्यांच्यावरच खटला झालाय. मला तर त्याही याच परंपरेतल्या वाटतात, कारण लावणं आणि खरवडणं हे एकाच बोलण्याचे दोन भाग आहेत.

राहिली गॅलरी. तुम्ही म्हणता तिथे गेले की संपले. मी म्हणते काय नेलं यावर आहे. १९७९ मध्येच न्यूयॉर्कच्या ली किन्योनेस आणि फॅब फाइव्ह फ्रेडी या भिंती रंगवणाऱ्या दोघांचं काम रोमच्या गॅलरीत लागलं होतं, म्हणजे हे आजचं नाही. कलाकाराने घरी बसून कॅनव्हासवर केलं आणि विकलं तर त्याचं पोट आहे, आपण कोण बोलणार? हॅरिंगने तर १९८६ मध्ये स्वतःचं छोटं दुकान काढलं, टी-शर्ट, बिल्ले, पोस्टर, कारण मोठी चित्रं साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेली होती, त्यावरही लोकांनी त्याला विकाऊ म्हटलं. पण म्युझियमला रस्ता हवा असतो आणि रस्त्याचा उपद्रव नको असतो, तिथे माझंही डोकं फिरतं. लॉस एंजेलिसच्या मोका म्युझियमने २०११ च्या मोठ्या स्ट्रीट आर्ट प्रदर्शनासाठी इटलीच्या ब्लू नावाच्या कलाकाराला बोलावून भिंत दिली, त्याने डॉलरच्या नोटांनी झाकलेल्या शवपेट्यांच्या रांगा काढल्या, आणि समोर युद्धस्मारक आहे म्हणून म्युझियमनेच ते पांढरं करून टाकलं, प्रदर्शन उघडायच्याही आधी.

त्याच ब्लूने २०१६ मध्ये काय केलं ते तुम्ही ऐकाच. त्याच्या बोलोन्या शहरात स्ट्रीट आर्टचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात भिंतींवरून सोलून काढलेली कामं मांडायची होती, त्याचीही, त्याला न विचारता. तर हा माणूस मित्रांना घेऊन रोलर आणि करड्या रंगाचे डबे घेऊन बाहेर पडला आणि शहरातलं स्वतःचं वीस वर्षांचं काम स्वतःच्या हाताने रंगवून टाकलं. प्रचंड मोठी चित्रं, लोक रोज बघत मोठे झालेले. मी त्याचे फोटो बघितले, नुसती करडी भिंत, रोलरच्या उभ्या पट्ट्या अजून ओल्या, आणि खाली कोपऱ्यात अर्धा पाय राहिलेला. मला रडू आलं, खरं सांगते. तुम्ही विचारलंत ना बंडखोरी कुठे जाते, ती तिथे होती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्या घराच्या भिंतीवर लावलं तर? लावलंय. गेटच्या लोखंडी खांबावर, दोन वेळा. पहिला ओंगळ होता, मी त्याच दिवशी काढला. दुसरा डोळे मिटलेल्या एका बाईचा चेहरा होता, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा, तो आठ महिने राहिला आणि उन्हाने स्वतःच पांढरा झाला, मग काढला. तुमच्याकडे कुणी लावला असेल तर तुम्हीही बिनधास्त काढा, त्यासाठी माझी किंवा त्याची परवानगी नको. साधा विनाइलचा असेल तर हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा, कोपरा सुटला की हळूहळू स्वतःकडे ओढत न्या, झटका देऊ नका, राहिलेल्या गोंदाला तेलाचा बोळा लावून थोडा वेळ थांबा आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडा, पातं वापरू नका, रंगाला ओरखडे पडतात. एगशेल असेल तर मात्र चिकाटी लागेल, तुकड्या-तुकड्यानेच निघेल.

फक्त काढायच्या आधी एक फोटो घ्या आणि इथेच खाली टाका. तुम्हाला जो घाण वाटला तो मला नक्की बघायचाय.