दहा-बत्तीस

मेहुणा न्यू जर्सीतला संसार आवरून परत आला, तेव्हा त्याने आम्हाला कणीक मळायचं यंत्र दिलं. ते 120 व्होल्टवर चालतं, म्हणून सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मरही दिला. गेल्या आठवड्यात यंत्राच्या मानेच्या चार स्क्रूंपैकी एक थरथरून निघाला आणि कणकेत पडला. पोळ्यांत तो सापडला नाही. नक्की कोणाच्या पोटात गेला, हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय.

उरलेल्या तिघांतला एक नमुन्याला खिशात टाकून मी पुण्याची बोहरी आळी, म्हणजे हार्डवेअरचा बाजार, गाठली.

"10-32 द्या," मी म्हटलं. पुस्तिकेत तसंच छापलंय.

"लोणावळा लोकल का?" काउंटरवरच्या पोऱ्याने विचारलं.

त्याचं चुकलं नाही. 10 हा जाडीचा नंबर आणि 32 म्हणजे इंचाला 32 आटे. शून्य नंबरचा स्क्रू 0.060 इंचाचा, पुढे दर नंबराला 0.013 इंच वाढवत जायचं, की दहाव्याला 0.190 येतात. मिलिमीटरमध्ये 4.83. आपल्याकडे मिळतो 5 एमएमचा. त्याच्या आट्यांमधलं अंतर 0.8 मिलिमीटर, अमेरिकन आट्यांमधलं 0.794. दिसायला जुळी भावंडंच. पण 5 एमएमचा स्क्रू आमच्या यंत्रात दोन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि तिसऱ्याला मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा अडून बसतो.

हे सगळं मी पोऱ्याला समजावत असताना बाजूच्या स्टुलावरून आवाज आला, "बघू."

काका सत्तरीचे असावेत. हातात नुकताच घेतलेला कडी-कोयंडा. दुकानाशी त्यांचा संबंध तेवढाच आणि माझ्याशी तेवढाही नाही. त्यांनी स्क्रू माझ्या हातातून घेतला नाही, काढून घेतला. उजेडात धरला, नखाने आटे खरवडले आणि शर्टाच्या वरच्या खिशातून पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायचं पात्यांचं माप, काढलं. माणसं खिशात पेन ठेवतात, चष्मा ठेवतात. हे पिच गेज घेऊन कडी-कोयंडा आणायला निघतात!

"पिंपरीला टूलरूममध्ये 34 वर्षं काढली," ते गेजची पाती उघडत म्हणाले. 0.8 चं पातं स्क्रूवर टेकवलं. चपखल बसलं. "पाच एमएम. विषय संपला."

"काका, पाच एमएम घरी लावून पाहिला. अडतो."

"कोणी लावला?"

"मी."

"तुम्ही करता काय?"

"बँकेत आहे."

"मग बरोबर. हाताला वळण नाही."

मी अमेरिकन आट्यांबद्दल बोलू लागलो, तर त्यांनी मला थेट 1841 सालात नेलं. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने 55 अंशांचा आटा कसा ठरवला, पुढे 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या सेलर्सने 60 अंश कसे आणले, सगळं साग्रसंगीत. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. एका बाईंना फक्त पडद्याचे हूक हवे होते. त्याही ऐकत उभ्या राहिल्या, कारण काउंटर काकांनी अडवला होता.

खरं तर माझा राग काकांवर नाही. 1875 साली पॅरिसला मीटरच्या करारावर ज्या 17 देशांनी सह्या केल्या, त्यात अमेरिकाही होती. सही करून दीडशे वर्षं झाली. त्यांचा इंचसुद्धा 1959 पासून 25.4 मिलिमीटरला बांधलेला आहे. म्हणजे मोजायचं मिलिमीटरवरून, सांगायचं इंचात आणि निस्तरायचं मी, रविवार पेठेत! आपण तरी कुठे सुधारलो म्हणा. मेट्रिकचा कायदा होऊन जमाना लोटला, तरी या आळीत बोल्ट अजून सुतात मागतात. दोन सूत म्हणजे पाव इंच. आणि अर्धा इंची नळाचे आटे मोजले तर भरतात 21 मिलिमीटर. त्या नळाबद्दल कोणी जाब विचारत नाही. असो.

"बघा," असं म्हणत काकांनी 5 एमएमचा नट माझ्या स्क्रूवर चढवला. सरसर गेला.

"जरा हलतोय," मी म्हटलं.

"हलणारच. अमेरिकन आहे."

नट काढताना स्क्रू त्यांच्या बोटांतून निसटला. खाली 5 एमएमच्या स्क्रूंचा उघडा ट्रे होता. टिंग झालं, एवढंच कळलं.

आम्ही तिघं त्या ट्रेवर वाकलो. सगळे सारखेच चकचकीत, सारखीच डोकी, लांबीही तीच. पोऱ्याने नट लावून तपासायला सुरुवात केली. पण नटात 5 एमएमचाही जातो आणि माझाही जातो, हे आत्ताच सप्रयोग सिद्ध झालं होतं. दुकानात जाडी मोजायचा डिजिटल व्हर्नियर होता, पण त्याचा सेल संपलेला.

"नागदेवीला जावं लागेल, मुंबईला," पोऱ्या सहानुभूतीने म्हणाला.

"नमुना न घेता?"

आतून मालक आले. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोडगा काढला. "साहेब, पूर्ण ट्रे घेऊन जा. तुमचा त्यात आहेच."

ट्रे वजनावर दिला. पाऊण किलो. माझ्या स्वतःच्या स्क्रूचं वजनही त्यात धरलं होतं, हे मला रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं. निघताना काकांनी माझा नंबर लिहून घेतला. "काय झालं ते कळवा हो. रुखरुख राहते."

रविवारी सकाळपासून मी एकेक स्क्रू यंत्राच्या भोकात लावत बसलो. खरा असेल तो शेवटपर्यंत जाईल, असा हिशोब. प्रत्येक जण दोन फेऱ्यांनंतर अडायचा, मी चिडून आणखी अर्धा फेरा पिळायचो, मग काढायचो. आतून बायकोने विचारलं, कणीक मळून घेऊ का हाताने? मी उत्तर दिलं नाही. चाळिसाव्याच्या आसपास एक स्क्रू सरळ तळापर्यंत गेला. मी ओरडलोच. खात्री म्हणून तो काढून ट्रेमधला दुसरा लावला. तोही गेला. तिसराही गेला.

भोकातले आटे मी स्वतःच्या हाताने बदलून टाकले होते. आता त्यात 5 एमएमचा कुठलाही जातो. माझा अमेरिकन अजून ट्रेमध्येच आहे, कुठला ते माहीत नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"बसला का?" काका होते.

"बसला."

"कुठला?"

मी गप्प राहिलो.

"पाच एमएम ना?"