विनम्र अभिवादन, आठ बाय चार

तुमच्या धंद्याची एखादी संघटना असेल, ती पन्नासेक वर्षांपूर्वी चार माणसांनी काढलेली असेल आणि त्यातले बहुतेक आज हयात नसतील, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. संस्थापकांचा वारसा जपायला याहून सोयीची परिस्थिती नाही. हयात संस्थापक फार त्रास देतो. सभेला वेळेवर येतो, हिशेब मागतो, आणि वर चहा बिनसाखरेचा मागतो.

आमची संघटना मुद्रकांची. गोव्यात फोंड्याच्या बाजूला छापखाने चालवणाऱ्या चौघांनी एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, बसून ती काढली. यंदा सुवर्णमहोत्सव झाला. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो, तुमच्या संघटनेला उपयोगी पडतील.

सर्वात आधी फ्लेक्स. बाकी काही नसले तरी चालते, फ्लेक्स हवा. संस्थापकांचे फोटो वरच्या कडेला टपाल तिकिटाएवढे लावा आणि विद्यमान अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो कमरेपासून वर घ्या. संस्थापक साधे होते, मोठा फोटो त्यांना आवडला नसता, असे आपणच ठरवून टाकायचे. आम्ही फ्लेक्स बेळगावहून छापून आणला, चौरस फुटामागे थोडा स्वस्त पडला म्हणून. छापखानेवाल्यांच्या संघटनेने छपाई बाहेर दिली यात कुणाला काही खटकलेच, तर त्याला लगोलग स्वागत समितीत घ्या. बिल्ला छातीला लागला की माणूस गप्प बसतो.

मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो युनिकोडमध्ये बदलताना प्रत्येक रफाराने एकेक घर पुढे उडी मारली. त्यामुळे आमचा ‘कार्यक्रम’ आठ बाय चारवर ‘कायर्क्रम’ झाला, आणि ‘मार्गदर्शक’ झाले ‘मागर्दशर्क’. असे झाले तर घाबरू नका. समईच्या बाजूने फोटो काढला की पाहुण्यांच्या डोक्यामागे निम्मे शब्द झाकले जातात.

संस्थापकांच्या काळात छपाईचे अक्षर म्हणजे शिशाचा खिळा, आणि रफाराचा खिळा वेगळा असायचा. तो हाताने बसवावा लागे, म्हणून उडी मारायची त्याला मुभा नव्हती. जत्रेच्या नाटकाचे हँडबिल आदल्या रात्री छापायला यायचे, गावचे सगळे नट त्यात, आणि कोणाचे नाव कोणाच्या खाली यावर अर्धा गाव छापखान्यात उभा. अशाच एका रात्री स्त्री पार्ट करणाऱ्या गड्याच्या आडनावातली एक मात्रा गळली म्हणून आमच्या एका संस्थापकांनी छापून झालेले तीनशे कागद रद्दीत टाकले, फर्मा, म्हणजे खिळे आवळून बसवलेली चौकट, उघडला, पुन्हा छापले, आणि जादा पैसा घेतला नाही. हा किस्सा भाषणात जरूर सांगा. टाळ्या हमखास पडतात. फक्त सांगताना फ्लेक्सकडे पाठ असू द्या.

भाषण कुठून सुरू करायचे हा प्रश्न पडतो. १५५६ पासून करा. त्या वर्षी अबिसिनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, निघालेला छापखाना गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. गोव्यात आलेल्या पाहुण्याचे तेच होते. भारतातला हा पहिला छापखाना, म्हणजे पहिले मुद्रक आपणच, असे ठणकावून सांगा. मग १६१६ आणि गोव्यातल्याच रायतूरला छापलेले इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’, भाषा मराठी पण लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. पुढे १६७४ नंतर थेट १८२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे, गोव्यात काहीच छापले गेले नाही. ही परंपरा मात्र आम्ही अखंड चालवली आहे. स्मरणिका अजून आलेली नाही. एवढा इतिहास सांगून होईपर्यंत जेवणाची वेळ होते आणि गेल्या तीन वर्षांचे हिशेब कोणी विचारत नाही.

स्मृतिचिन्ह विसरू नका. संघटनेच्या खोलीत संस्थापकांनी देणगी दिलेले ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र होते, सोबत खिळे ठेवायच्या कप्प्यांच्या केसी. खिळ्यांतले शिसे, अँटिमनी आणि कथील, भंगारवाल्याने किलोवर घेतले. त्या पैशांतून आम्ही ट्रेडल मशीनची छोटी, सोनेरी, प्लॅस्टिकची प्रतिकृती करून सर्व मान्यवरांना दिली. वारसा घरोघरी पोचला.

आता महत्त्वाचे. जुनी इतिवृत्ताची वही सापडली तर उघडू नका. मी उघडली, चूक झाली. कसरीने कडा खाल्ल्या होत्या, पण मधली पाने शाबूत. पहिला ठराव : सर्वांनी छपाईचा दर एकच ठेवावा, एकमेकांचे गिऱ्हाईक फोडू नये. दुसरा : अमुक कंपोझिटरचे (खिळे जुळवणाऱ्याचे) बोट ट्रेडलमध्ये सापडले, सबब तीन महिने निम्मा पगार मालकाने व निम्मा संघटनेने द्यावा. खाली चार सह्या, एकीवर शाईचा अंगठ्याएवढा डाग. मदतनिधीचे ते खाते अजून चालू आहे. व्यासपीठाची फुले त्यातूनच आली. वही मी परत कपाटात ठेवली आणि किल्ली खजिनदाराकडे दिली, म्हणजे ती आता सापडणार नाही.

शेवटची खबरदारी ज्येष्ठ सदस्यांबाबत. शाल-श्रीफळ द्या, पण खुर्ची मागच्या रांगेत. आमच्याकडे त्यातले एक जण समई पेटण्याआधीच उठले आणि फ्लेक्सपाशी जाऊन उभे राहिले. ते छापखान्यात होते तेव्हाचीच सवय, ओळीखालून बोट फिरवत वाचायचे. उजव्या हाताच्या तर्जनीला वरचे पेर नाही, म्हणून मधल्या बोटाने वाचत होते. ‘कायर्क्रम’पाशी बोट थांबले. तिथून ते खाली आमच्या नावांपर्यंत आले.

‘‘प्रूफ कोणें पळयलें?’’ प्रूफ कोणी पाहिले, असे त्यांनी कोकणीत विचारले.

अशा वेळी ताबडतोब भजी आणि चहा फिरवायला सांगावे.