कुलूप तुटलं की नुसत्या पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवू नका

बंद घराचं कुलूप तोडून कोणी आपलं कुलूप ठोकलं, की माणूस आधी पोलीस स्टेशन गाठतो. जावंच. पण तो तिथेच अडकतो आणि तोवर घर हातचं जातं. वकिली करताना हे इतकं पाहिलंय की आज लिहितेच.

एक मावशी आल्या होत्या. ठाण्यात राहणाऱ्या, घर कोकणात. गणपतीला गेल्या तर दाराला दुसऱ्याचंच पितळी कुलूप. चुलत दिराने ताबा घेतलेला. पोलीस स्टेशनला गेल्या तर उत्तर एकच, "मॅटर सिव्हिल आहे, कोर्टात जा." त्या अर्ज देत राहिल्या आणि माझ्याकडे आल्या शिमगा उलटल्यावर. घरपट्टीच्या पावत्या, स्वतःच्या नावाचं वीजबिल, मे महिन्यात अंगणात काढलेले फोटो, सगळं पिशवीत होतं. मुदत तेवढी संपली होती.

स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, 1963 चं कलम 6 म्हणजे अशा माणसाचा खरा आधार. कोर्ट दोनच गोष्टी बघतं: ताबा तुमचा होता का, आणि कायदेशीर मार्ग सोडून तुम्हाला बाहेर काढलं का. मालक कोण, हा प्रश्नच तिथे येत नाही. निकालावर अपीलही नाही. फक्त ताबा गेल्यापासून 6 महिन्यांत दावा लावायला हवा. पोलिसांकडे दिलेल्या अर्जांनी ही मुदत थांबत नाही. (शेतजमिनीसाठी तहसीलदारांपुढे मामलेदार कोर्टाचा 1906 चा कायदा आहे, तिथेही 6 महिनेच.)

फौजदारी केसचं काम वेगळं. ती सरकार विरुद्ध आरोपी. चोरीसाठी घरफोडी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 खाली दिवसा 10 आणि रात्री 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण इरादा सिद्ध करावा लागतो, तोही वाजवी संशयाला जागा न ठेवता. दीर म्हणाला, "वाटणी मला मान्य नाही, मी माझ्याच घरात शिरलो," की चोरीचा इरादा दाखवणं अवघड. दिवाणी कोर्टात मात्र कोणाची बाजू अधिक संभवनीय, एवढ्यावर निकाल होतो.

म्हणून पोलिसांनी हात झटकावेत असं नाही. घरातली भांडी, दागिने गेले असतील, धमकी दिली असेल, तर तसं स्पष्ट लिहून द्या. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात.

आणि घरमालकांनो, मुदत संपलेल्या भाडेकरूचं कुलूप स्वतः तोडू नका. मग आरोपी तुम्ही व्हाल.

माझा राग त्या "मॅटर सिव्हिल आहे" वर आहे. पुढचं वाक्य का सांगत नाही कोणी? "6 महिन्यांत दावा लावा", एवढंच. मावशींना आता मालकी हक्कावर दावा लावावा लागला. त्याला 12 वर्षांची मुदत मिळते, पण मालकी पहिल्यापासून शाबीत करावी लागते. पुढची तारीख जूनमधली आहे.