खुर्ची आणि सीट यांच्यामधले अंतर

गेली चौदा वर्षे मी व्हीलचेअर वापरते आहे. पाठीच्या कण्याला झालेल्या इजेनंतर कमरेखालची हालचाल आणि संवेदना दोन्ही गेल्या, पण वेगाची आवड तसूभरही कमी झाली नाही. म्हणून थीम पार्कला जाणे मी सोडलेले नाही. "तिथे तुला कशाकशात बसता येतं?" असे लोक मला विचारतात, तेव्हा मी अडखळते, कारण प्रवेशद्वारातून आत जाईपर्यंत त्याचे उत्तर मलाही ठाऊक नसते. माझी तक्रार नेमकी हीच आहे. बसायचे की नाही हे मी ठरवीन. ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती मला घरीच, तिकीट काढण्यापूर्वी मिळाली पाहिजे.

अडचण पायऱ्यांची असेल असे बहुतेकांना वाटते. पायऱ्यांना रॅम्प हा उपाय आहे आणि त्याचे गणितही ठरलेले आहे: एक फूट उंची गाठायची असेल तर उतार किमान बारा फूट लांब हवा. खरा पेच त्यापुढे, शेवटच्या हातभर अंतरात असतो. अपंगांना सार्वजनिक जागा वापरता याव्यात यासाठीच्या अमेरिकेच्या 2010 सालच्या मानकांनुसार, जी 2012 च्या मार्चपासून बंधनकारक झाली, नव्या राईडमध्ये साधारणपणे तीनपैकी एक सोय असावीच लागते: व्हीलचेअरसह बसण्याची जागा, जिच्यावर सरकून बसता येईल अशी सीट, किंवा खुर्चीतून सीटवर नेणारे साधन. सरकून बसण्याची सीट चढण्या-उतरण्याच्या फलाटापासून 14 ते 24 इंच उंचीवर असावी, असेही त्यात म्हटले आहे. माझ्या खुर्चीची बैठक 19 इंचांवर आहे. म्हणजे 14 इंचांच्या सीटवर मी सहज उतरते, पण फेरी संपल्यावर तेच पाच इंच मला केवळ हातांच्या बळावर चढावे लागतात, तेही मागची मंडळी खोळंबलेली असताना. एवढा एक आकडा आधी कळला, तर सोबत कोणाला न्यायचे आणि दिवसभरात किती राईड झेपतील, हे मी आदल्या रात्रीच ठरवू शकते.

खुर्चीतून सीटवर जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. खुर्ची सीटला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या दुमडायच्या, हाताची बाजू काढून ठेवायची. मग ट्रान्स्फर बोर्डचे, म्हणजे सरकण्यासाठीच्या फळीचे, एक टोक मांडीखाली आणि दुसरे सीटवर टेकवायचे, एक हात सीटच्या पलीकडच्या कडेवर रोवायचा आणि अंग थोडेथोडे उचलत सरकायचे. पाय आपोआप मागे येत नाहीत. ते हातांनी उचलून एकेक करून आत ठेवावे लागतात. बोटीची राईड असेल तर ती पाण्यावर हलत असते आणि सीटची कड ओली असते. अशा क्षणी एका पार्कमध्ये, मी बोर्डवर अर्ध्या वाटेत असताना, एका कर्मचाऱ्याने न विचारता मला काखेत धरून उचलले. हेतू चांगलाच होता, पण माझा तोल सीटवर रोवलेल्या माझ्या हातावर होता. मी घसरले आणि घोटा सीटच्या कडेवर आपटला. संवेदना नसल्यामुळे तो सुजल्याचे मला संध्याकाळी मोजे काढताना दिसले. "कशी मदत करू?" एवढे तीन शब्द त्याने विचारायला हवे होते.

आणि मग खुर्चीचे काय होते? मी राईडमध्ये बसले की कोणीतरी ती ढकलत घेऊन जाते. चढण्याचा आणि उतरण्याचा फलाट वेगवेगळा असेल तर ती दुसऱ्या बाजूला पोहोचवावी लागते, आणि ती पोहोचली आहे की नाही हे मला वरून दिसत नाही. माझे पाय म्हणजे ती खुर्चीच आहे. पूर्ण फेरीभर माझ्या डोक्यात वळणे नसतात, खुर्ची असते.

सुरक्षेचे नियम मला जाचक वाटत नाहीत, हे इथे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. 2011 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका पार्कमध्ये दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरवरून बाहेर फेकला जाऊन मृत्युमुखी पडला. बसणाऱ्याला दोन्ही पाय असावेत असा नियम त्या राईडला होता, तरीही त्याला बसू देण्यात आले. काही राईडमधील आडवी दांडी मांड्यांवर दाबून माणसाला जागेवर धरते. मांड्या नसतील तर तिला धरायला काही उरत नाही. गाडी उंचावर अडकली तर अरुंद जिन्यावरून उतरावे लागते, तिथे माझी सुटका कशी करणार, हा प्रश्नही रास्त आहे. माझा आक्षेप "व्हीलचेअरवाल्यांना परवानगी नाही" या एका ओळीला आहे. पाय नसलेला, पाय असूनही ते न हलवता येणारा, चार पावले चालू शकणारा आणि मान सावरू न शकणारा अशा चार माणसांना ती एकाच मापाने मोजते. त्याऐवजी कारण लिहा: अडकल्यास इतक्या पायऱ्या उतराव्या लागतील, धड स्वतः सरळ ठेवता यावे लागेल, निदान एका हाताने घट्ट धरता यावे लागेल. ते वाचून कित्येक राईड मी स्वतःहून सोडून देईन.

रांगेविषयी फार लिहीत नाही. बाहेर पडण्याच्या वाटेने आम्हाला आत घेतात, कारण वळणावळणाच्या कठड्यांमधून खुर्ची जात नाही; आणि सुटकेच्या नियोजनामुळे अनेक राईडमध्ये एका वेळी एक-दोनच व्हीलचेअरवाल्यांना सोडतात. म्हणून "तुमचं बरं आहे, रांग नाही" असे ऐकत मी पुष्कळदा रांगेतल्या माणसापेक्षा जास्त वेळ थांबलेली असते.

स्वच्छतागृहाचे मात्र सांगायलाच हवे. ब्रिटनमध्ये 2006 पासून 'चेंजिंग प्लेसेस' नावाची मोहीम चालू आहे. प्रौढ माणसाला झोपवता येईल असा बाक, उचलून घेणारे यंत्र आणि आता 12 चौरस मीटर जागा, अशा खोलीची ती मागणी आहे. अशी खोली नसेल, तर ज्यांना बसताही येत नाही अशा प्रौढांचे कपडे बदलण्यासाठी त्यांना फरशीवर झोपवावे लागते, किंवा दोन तासांत परत फिरावे लागते. कितीही राईड सुलभ केल्या तरी त्या कुटुंबासाठी पार्क बंदच राहतो.

हे सगळे यंत्रशास्त्राला अशक्य आहे असे कोणी म्हणाले, तर मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे उदाहरण देते. तिथे 2010 साली सुरू झालेल्या मॉर्गन्स वंडरलँडमध्ये मेरी-गो-राउंडवर घोड्यांबरोबर व्हीलचेअरही वर-खाली होते, आणि अपंग व्यक्तींना प्रवेश विनामूल्य आहे. 2017 मध्ये त्यांनी शेजारी जलउद्यान उभारले आणि दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या आणल्या. अशी वेगळी उद्याने निघाली म्हणून बाकीच्यांनी हात झटकावेत, हे मला मुळीच मान्य नाही. मला माझ्या भाच्यांबरोबर, ती जिथे जातात तिथेच जायचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराने कलम 30 मध्ये मनोरंजनातील समान सहभाग हा हक्क म्हणून नोंदवला आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या पार्कला मी पत्र पाठवले आहे आणि प्रत्येक राईडसाठी चारच गोष्टी विचारल्या आहेत: सीटची उंची किती, बसण्याच्या बाजूला खुर्ची लावायला जागा किती, राईड अडकली तर किती पायऱ्या, आणि मी उतरेन तेव्हा माझी खुर्ची कुठे असेल.