एक ग्रॅम युरेनियम, अख्खी मुंबई आणि नऊ सेकंद

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला, मग कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर फिरला, मग मामेभावाने पाठवला. काल तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून आला, वर ‘सर, खरंय का हो?’ एवढंच लिहून. विचारलं हे बरं केलं. मी चेंबूरला राहतो, भौतिकशास्त्र शिकवतो, आणि ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काय चालतं याची एक तरी ऐकीव गोष्ट आमच्याकडे घरटी असते.

फॉरवर्ड थोडक्यात असा. युरेनियमचं केंद्रक फुटलं की बरोब्बर दोन समान तुकडे होतात आणि त्याच्या सगळ्या वस्तुमानाची ऊर्जा होते. एक ग्रॅमवर मुंबई वर्षभर उजळेल. हे सगळं १९३९ सालीच कळलेलं आहे, आता कॉम्प्युटरवर बटण दाबलं की उत्तर येतं, तरी ट्रॉम्बे आणि कुलाब्याच्या प्रयोगशाळांत ‘तेच तेच मोजण्यावर’ पैसा उधळतात. आपल्याकडे थोरियम ढिगाने पडलंय, ते सरळ अणुभट्टीत घालायचं सोडून ‘ते लोक’ गप्प बसलेत. आणि शेवटी लाल दिव्यांच्या रांगेसकट इशारा: ट्रॉम्बेची भट्टी कधीही हिरोशिमासारखी फुटू शकते.

आधी वर्षभराची मुंबई घेऊ, कारण तो हिशेब वहीच्या अर्ध्या पानात होतो. युरेनियम-२३५च्या एका केंद्रकाच्या विखंडनातून, म्हणजे फुटण्यातून, साधारण २०० एमईव्ही ऊर्जा सुटते (एमईव्ही हे केंद्रकांच्या ऊर्जेचं इवलंसं एकक). एका ग्रॅममध्ये सुमारे २,५६० अब्ज अब्ज केंद्रकं. ती सगळी फुटली तर ८२ अब्ज ज्यूल उष्णता मिळते. वीजकेंद्रात तिच्यातला तिसरा हिस्सा वीज म्हणून हाती येतो, म्हणजे २७ अब्ज ज्यूल. उन्हाळ्यात मुंबईला तीन हजार मेगावॅटहून जास्त वीज लागते, आपण तीन हजारच धरू. म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ज्यूल. सत्तावीस भागिले तीन.

नऊ सेकंद.

बरं, सगळ्या वस्तुमानाची ऊर्जा झाली असं क्षणभर मानलं, तरी एका ग्रॅममधून ९० हजार अब्ज ज्यूल निघतील. त्यातला एक ज्यूलही वाया गेला नाही तरी सव्वाआठ तास. वर्ष आलं कुठून, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. प्रत्यक्षात विखंडनात वस्तुमानाचा जेमतेम ०.०९ टक्का भाग ऊर्जेत जातो, बाकीचं वस्तुमान तुकड्यांच्या रूपात भट्टीतच राहतं. म्हणून तर अणुकचऱ्याचा प्रश्न आहे. सगळंच ऊर्जेत गेलं असतं तर कचरा कसला उरला असता? तरी नऊ सेकंदांना हसू नका. तेवढ्याच उष्णतेसाठी तीन टनांहून जास्त कोळसा जाळावा लागतो.

आता ते ‘दोन समान तुकडे’. हे वाक्य पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे लोकांच्या डोक्यात बसलंय, त्यामुळे काकांना दोष देत नाही. पण नुसता अणुक्रमांक बघा. युरेनियमचा ९२, त्याचा अर्धा ४६, म्हणजे पॅलेडियम. तुकडे समान पडत असते तर अणुभट्टी हा पॅलेडियमचा कारखाना झाला असता. मग चेर्नोबिलनंतरच्या बातम्यांत आयोडीन-१३१ आणि सीझियम-१३७ का होतं? परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी तपासण्यांना जे टेक्नेशियम लागतं, त्याची जननी मॉलिब्डेनम-९९ युरेनियमच्या दर शंभर विखंडनांत सहाच्या आसपास का मिळते? कारण मंद न्यूट्रॉन लागून युरेनियम-२३५ फुटतं तेव्हा एक तुकडा ९५च्या आसपास वस्तुमानांकाचा (केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या, नावापुढचा आकडा तोच) आणि दुसरा १४०च्या आसपासचा असतो. समान तुकडे पडतात, नाही असं नाही, पण ते सर्वात जास्त पडणाऱ्या तुकड्यांच्या कित्येक शे पटींनी कमी.

हे डोळ्यांनी बघता येतं. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर युरेनियमचा अगदी पातळ थर द्यायचा, त्याला चिकटून दुसरी कोरी फॉइल ठेवायची आणि न्यूट्रॉनच्या माऱ्यात धरायची. केंद्रक फुटलं की तुकडा सुसाट सुटतो आणि कोऱ्या फॉइलमध्ये जाऊन रुततो. ती फॉइल काढून जर्मेनियमच्या डिटेक्टरसमोर ठेवायची. डिटेक्टरखाली द्रवरूप नायट्रोजनचा मोठा थर्मास असतो, उणे १९६ अंशांचा, आणि तो भरताना सगळ्या खोलीत पांढरं धुकं पसरतं. मग पडद्यावर गॅमा किरणांची शिखरं हळूहळू वर येतात. ५३७ केईव्हीचं (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) शिखर म्हणजे बेरियम-१४०. दोन-चार दिवसांनी तीच फॉइल पुन्हा लावली की १५९६ केईव्हीवर त्याचं अपत्य, लॅन्थॅनम-१४०, ठसठशीत दिसतं. प्रत्येक शिखराचं क्षेत्रफळ, अर्धायुष्य (द्रव्य निम्मं व्हायला लागणारा वेळ) आणि डिटेक्टरची कार्यक्षमता यांचा मेळ घालून कोणता तुकडा किती पडला ते निघतं. कंटाळवाणं काम आहे. हान आणि स्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना डिसेंबर १९३८मध्ये बर्लिनला बेरियमच सापडलं होतं, आणि तेही असल्याच चिकाटीच्या रसायनकामातून.

म्हणजे ‘१९३९ सालीच सगळं कळलं’ हा भाग आलाच. त्या वर्षी माइटनर आणि फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी त्या बेरियमचा अर्थ लावला, आणि बोर व व्हीलर यांनी केंद्रकाला पाण्याच्या थेंबासारखं मानून सिद्धांत मांडला. थेंब ताणला जातो, कमरेत बारीक होतो, तुटतो. सिद्धांत सुंदर आहे, मी अजूनही तोच आधी शिकवतो. पण हा थेंब प्रामाणिकपणे तोडला तर समान तुकडेच पडतात! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीत नसावं, पण त्याचं चुकीचं विधान हे १९३९च्या सिद्धांताचं बरोबर उत्तर आहे. प्रयोगाने ते खोडलं. केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या कवचरचनेचा (ते थराथराने बसतात त्याचा) हिशेब थेंबाच्या हिशेबात नीट मिळवायची रीत स्ट्रुटिन्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने दिली, तीही १९६७च्या सुमारास.

त्यानंतरही धक्के थांबले नाहीत. युरेनियम, प्लुटोनियम, कॅलिफोर्नियम, काहीही घ्या, जड तुकडा १४०च्या आसपासच थबकतो आणि हलका तेवढा सरकतो. फर्मियम-२५६ असमान फुटतं, आणि फक्त दोन न्यूट्रॉन जास्त असलेलं फर्मियम-२५८ समान. जड तुकड्याच्या त्या हट्टामागे त्याचा नासपतीसारखा आकार आहे, असा उलगडा २०१८मध्ये मांडला गेला. त्याआधी २०१०मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या आयसोल्डे प्रयोगशाळेत पारा-१८० फुटताना पाहिला. सगळ्यांची अटकळ झिर्कोनियम-९०च्या दोन जुळ्या तुकड्यांची होती, कारण ते केंद्रक भलतंच स्थिर. निघाले क्रिप्टॉन-८० आणि रुथेनियम-१००च्या आसपासचे तुकडे. तुकड्यांना गरगर फिरायला लावणारी गिरकी तुटण्याआधी येते की नंतर, यावरही २०२१मध्ये मोजमापाने नवा वाद पेटवला. प्रयोग ‘नंतर’ म्हणतो. ‘सगळं कळलं’ असं ज्यांना वाटतं त्यांनी या वादात उतरून बघावं.

‘कॉम्प्युटरवर बटण दाबलं की झालं’ यात अर्धं सत्य आहे. आज केंद्रकाची लांबी, कंबर, दोन्ही टोकांचे आकार आणि असमानता अशा पाच मापांनी लाखो आकार काढून प्रत्येकाची ऊर्जा मोजतात. त्यातून जो डोंगराळ नकाशा होतो, त्यावर केंद्रक खिंडीतून कसं उतरतं ते बघतात. पण ॲक्टिनाइडांच्या, म्हणजे युरेनियम-प्लुटोनियमच्या कुळातल्या मूलद्रव्यांच्या, या खिंडीची उंची सहाएक एमईव्ही, आणि गणित तिथे अर्धा एमईव्ही सहज चुकतं. तेवढ्या चुकीने आपोआप होणाऱ्या विखंडनाचं अर्धायुष्य शेकडो पटींनी बदलू शकतं. मोजलेल्या आकड्यांवर टेकवल्याशिवाय हे गणित उभं राहत नाही. आणि भट्टी चालवणाऱ्याला टक्क्याच्या अंशापर्यंतचे आकडे लागतात. विखंडनातले सगळेच न्यूट्रॉन लगेच सुटत नाहीत. काही तुकड्यांमधून सेकंदांनी उशिरा बाहेर पडतात, युरेनियम-२३५साठी शेकडा ०.६५, प्लुटोनियम-२३९साठी शेकडा ०.२१. या चिमूटभर आळशी न्यूट्रॉनांमुळेच भट्टी माणसाच्या हातात राहते. हा आकडा अंदाजाने घेऊन भट्टी चालवणार का?

थोरियमचं उत्तर याच धाग्यातलं आहे. थोरियम-२३२ मंद न्यूट्रॉनने फुटत नाही. तो आधी न्यूट्रॉन गिळतो, मग २७ दिवस अर्धायुष्याचं प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि त्यातून फुटणारं युरेनियम-२३३. म्हणजे थोरियमला पेटवायला आधी दुसरं इंधन हवं. मधल्या काळात प्रोटॅक्टिनियमने न्यूट्रॉन खाल्ला किंवा ते स्वतःच फुटलं तर हिशेब बदलतो. पण महिन्याभरात निम्मं होणाऱ्या, भयंकर किरणोत्सर्गी द्रव्यावर न्यूट्रॉन मारून मोजायचं कसं? कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉन या कणत्वरकावर भाभा केंद्राच्या मंडळींनी आडवाट काढली. थोरियमवर लिथियम-६ मारलं. अल्फा कण बाहेर पडला की मागे जे उरतं ते प्रोटॅक्टिनियम-२३४, म्हणजे प्रोटॅक्टिनियम-२३३ने न्यूट्रॉन गिळल्यावर जे झालं असतं तेच. ते किती वेळा फुटतं ते मोजलं, युरेनियमच्या माहीत असलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं, आणि २००८मध्ये निष्कर्ष छापला. ‘तेच तेच मोजणं’ म्हणतात ते हे. थोरियम वापरा म्हणून ओरडायचं आणि त्यासाठीच लागणाऱ्या आकड्यांवरचा खर्च उधळपट्टी ठरवायचा, हे एकाच फॉरवर्डमध्ये जमवणाऱ्याचं कौतुक वाटतं.

हिरोशिमाबद्दल फार लिहीत नाही. ट्रॉम्बेची ध्रुव ही संशोधन भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते. त्यात युरेनियम-२३५ शेकडा ०.७, आणि साखळी चालू राहायला जड पाण्यात मंद केलेले न्यूट्रॉन लागतात. बॉम्बसारखा स्फोट तिच्यात होऊच शकत नाही. गळतीची भीती वेगळी आणि ती खरी आहे. तिच्याबद्दल प्रश्न जरूर विचारा, मीही विचारतो.

हे सगळं आवरून काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘‘बरं, मग एक किलो धरा.’’

अडीच तास, काका.