‘रोज ७०० नवे न्यूरॉन’: फिरत्या संदेशाचा हिशोब

राजेंद्रनगरच्या ज्येष्ठ मंडळींपासून भंवरकुआच्या कोचिंगमधल्या पोरांपर्यंत इंदूरच्या मराठी गटांत एक संदेश फिरतो: ‘मेंदूत रोज ७०० नवे न्यूरॉन जन्मतात, म्हणजे स्मरणशक्ती रोज वाढवता येते. २१ दिवस सकाळी चाला, ब्राह्मी-हळद घ्या, परीक्षेपर्यंत मेंदू नवा. विसरणं म्हणजे पेशी मेल्याची खूण.’ यातला न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींचा, आकडा तेवढा खऱ्या अभ्यासातला आहे. बाकी सगळे त्यावर चढवलेले मजले.

‘रोज ७०० नवे’

हा आकडा स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासातला. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन वाढला आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर तो उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हाचं प्रमाण तिच्या डीएनएत नोंदलं जातं. मृतांच्या मेंदूत ते मोजून हा अंदाज काढला. तो संपूर्ण मेंदूचा नाही, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा, तोही एकाच बाजूच्या, आहे. तिथल्या ज्या पेशी बदलतात त्यांपैकी वर्षाला जेमतेम पावणेदोन टक्के, आणि त्याही जुन्या जाऊन नव्या येतात. गोदामात भर पडत नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, मोठेपणी नवे न्यूरॉन तयार होत असल्याचा पुरावा याच तंत्राने मिळालेला नाही.

आणि हाही आकडा निर्विवाद नाहीच. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाला प्रौढांत असे तरुण न्यूरॉन सापडलेच नाहीत. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गटाला ७९ वर्षांपर्यंतच्या लोकांत सापडले. भांडणाचं एक मूळ अगदी प्रयोगशाळेतलं आहे. डबलकॉर्टिन या प्रथिनाला रंग देऊन तरुण पेशी ओळखतात, पण मेंदूचा नमुना टिकवण्यासाठी ठेवलेल्या फॉर्मलिनमध्ये जास्त काळ राहिला की रंग धरत नाही. पेशी असते, दिसत नाही. माद्रिदच्या गटाने २०१९ मध्ये फॉर्मलिनमधली ही वेळ आवरली, तेव्हा ८७ वर्षांपर्यंतच्या मेंदूंतही त्या दिसल्या. अल्झायमरच्या रुग्णांत मात्र कमी.

‘जास्त न्यूरॉन, जास्त स्मरण’

इथे संदेश सपशेल घसरतो. हे न्यूरॉन हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट गायरस या भागात येतात, आणि त्या भागाचं काम मिळत्याजुळत्या आठवणी वेगळ्या ठेवणं हे आहे. राजवाड्याजवळ काल स्कूटर कुठे लावली आणि आज कुठे, हा घोळ न होणं म्हणजे ते काम. नवे न्यूरॉन तयार होणं बंद केलेल्या उंदरांना लांबलांबच्या जागा नीट ओळखता येतात. जवळजवळच्या आल्या की ते चुकतात (२००९). नवे वाढवले की अशा जवळच्या गोष्टींतला फरक त्यांना जास्त चांगला कळतो (२०११).

‘विसरणं म्हणजे पेशी मरणं’

उलटंही घडतं. टोरांटोच्या गटाने २०१४ मध्ये प्रौढ उंदरांना आधी एक गोष्ट शिकवली, मग काही आठवडे चाकावर पळवलं. नवे न्यूरॉन वाढले आणि आधीची आठवण फिकी झाली. नव्या जोडण्या जुन्या मांडणीत घुसतात, हे त्यांचं स्पष्टीकरण. रॅट या मोठ्या जातीच्या उंदरांवर २०१६ मध्ये हा परिणाम आढळला नाही, तेव्हा यावरून कुणी चालणं सोडू नये. पण ‘नवे म्हणजे भलेच’ हा हिशोबही टिकत नाही.

‘२१ दिवस’

उंदरांत नवी पेशी सर्वांत लवचीक होते ती साधारण चार ते सहा आठवड्यांची झाल्यावर, आणि बऱ्याच त्याआधीच मरतात. माकडांत पूर्ण वाढीला सहा महिन्यांहून जास्त लागतात. माणसांत २१ दिवस कुठून आले, ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘चाला, ब्राह्मी-हळद घ्या’

चाला, जरूर. अमेरिकेतल्या १२० वयस्कांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम करणाऱ्यांचा घटला. स्मरणाच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सुधारले. आणि आकार वाढला म्हणजे न्यूरॉन वाढले असं नाही, रक्तवाहिन्या आणि इतर पेशींनीही तो वाढतो. एमआरआयच्या एका घन मिलिमीटरच्या ठिपक्यात हजारो पेशी मावतात. जिवंत माणसात नवे न्यूरॉन मोजायची खात्रीची पद्धतच नाही, मग कोणत्या चूर्णाने ते वाढले हे मोजलं कुणी?

परीक्षेच्या पोरांना उपयोगी गोष्ट वेगळीच आहे: सारखे दिसणारे मुद्दे शेजारी मांडून फरकावर स्वतःला प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, पहिले यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढले, १८११ मध्ये गेले. दुसरे १९२६ ते १९४८ गादीवर होते, माणिकबाग महाल त्यांनी बांधला. एक दिवस, मग तीन, मग आठवडा अशा अंतराने पुस्तक मिटून विचारा, आणि चुकलेली जोडी दुसऱ्या दिवशी पहिली घ्या. रात्रीची झोप कापू नका, शिकलेलं घट्ट होण्याचं बरंचसं काम तेव्हाच होतं.