कमी पळालेली बॉक्सस्टर मी का नाकारली: एका आक्षेपाला उत्तर

स. न.

माझ्या बॉक्सस्टरवरच्या लेखावरील आपली प्रतिक्रिया परखड आहे, आणि म्हणूनच तिला दोन ओळींचे आभार मानून मोकळे होणे मला पटले नाही. ३४,००० मैल झालेली पोर्शे बॉक्सस्टर (दोन आसनी स्पोर्ट्स कार) सोडून मी ९८,००० मैल झालेली घेतली, याला आपण ‘हौसेपायी केलेला उलटा हिशेब’ म्हटले आहे. इंजिनातल्या त्या बदनाम बेअरिंगबद्दल मी ‘बदलून घ्यावे’ एवढेच लिहिले, याला आपण निष्काळजीपणा म्हणता; आणि मधल्या, म्हणजे सीटमागे बसवलेल्या इंजिनाचे कौतुक मिरवण्यापुरते असून तेवढ्या पैशांत तशीच दोन आसनी माझदा एमएक्स-५ घ्यावी, असे सुचवता. आपले धाकटे बंधू बर्मिंगहॅमला अशीच गाडी पाहत आहेत, तेव्हा उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

बेअरिंगचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टवरून (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून) फिरणारा एक मधला शाफ्ट असतो आणि तो साखळ्यांच्या साह्याने दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे चालवतो. त्याचे फ्लायव्हीलकडचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचे टोक एका बॉल बेअरिंगवर टेकलेले असते. हे बेअरिंग कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी सीलबंद केलेले असते. वय झाले की सील कडक होते, इंजिनातले तेल झिरपून आत जाते, ग्रीस धुऊन निघते, आणि आत शिरलेले तेल मात्र तिथेच अडकून खराब होत राहते. पुढे गोळ्या झिजतात, शाफ्ट डगमगू लागतो, साखळीचे टायमिंग सरकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. त्यानंतर दुरुस्तीचा विषयच उरत नाही, इंजिनच बदलावे लागते.

सरसकट ‘बदलून घ्यावे’ हे माझे वाक्य चुकीचे अशासाठी, की सगळ्या गाड्यांत हे बेअरिंग एकसारखे नाही. साधारण १९९९पर्यंतच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळी असलेले, त्यातल्या त्यात दणकट बेअरिंग आहे. २००० आणि २००१च्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात, आणि कोणता आहे हे गिअरबॉक्स उतरवून पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. तिथून २००५पर्यंत एकाच ओळीचे बेअरिंग आले, आणि सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच आहेत. या बेअरिंगवरून पोर्शेविरुद्ध अमेरिकेत चाललेल्या सामूहिक दाव्यात २०१३ साली जी तडजोड झाली, ती २००१ ते २००५ या मॉडेलवर्षांपुरतीच होती. २००६ ते २००८च्या गाड्यांत बेअरिंग मोठे केले गेले. ते क्वचितच दगा देते, परंतु त्याचा व्यास इंजिनाच्या केसमधल्या भोकापेक्षा मोठा असल्यामुळे इंजिन पूर्ण उकलल्याशिवाय ते बाहेर येतच नाही. २००९च्या मॉडेलपासून इंजिन नवे आले आणि त्यात तो शाफ्टच राहिला नाही. मूळ लेखात ही दुरुस्ती आज करत आहे.

मैलांच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. कमी पळालेल्या त्या गाडीचा रंग आरशासारखा होता आणि मालक सज्जन होते. एमओटीच्या, म्हणजे वार्षिक वाहन-तपासणीच्या नोंदी इथे ब्रिटनमध्ये कोणालाही ऑनलाइन फुकट पाहता येतात. त्यांत दिसले, की गेल्या चार वर्षांत मिळून गाडी जेमतेम ९०० मैल चालली होती. टायरच्या कडेला ‘२३०९’ हे आकडे होते, म्हणजे टायर २००९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी नव्यासारखी आणि कडांना बारीक भेगा. तेल बदलल्याचे शेवटचे बिल सहा वर्षांपूर्वीचे होते. बंद कव्हराखाली उभी राहणारी, महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालू केली जाणारी गाडी जपलेली असते असे आपण मानतो, पण तेवढ्या वेळात तेल धड तापत नाही, त्यात पाणी धरते, आणि तेच तेल त्या बेअरिंगमध्ये मुरत राहते.

उलट मी घेतलेल्या गाडीसोबत बिलांची एक जाडजूड फाइल आली. ८१,००० मैलांवर क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवला होता, आणि त्याच मजुरीत हे बेअरिंग व क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील बदलून घेतले होते. तरीही व्यवहारापूर्वी मी माझ्या खर्चाने तेल आणि फिल्टर बदलण्याची अट घातली. मेकॅनिकने फिल्टरचा कागद कापून त्याच्या घड्या एका पांढऱ्या ट्रेमध्ये पसरल्या आणि त्यांवरून लोहचुंबक फिरवला. बेअरिंगच्या गोळ्या पोलादी असल्यामुळे त्यांचा चुरा चुंबकाला चिकटतो. आमच्या ट्रेमध्ये तपकिरी प्लास्टिकचे दोन तुकडे निघाले, ते साखळी ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या पट्टीचे. चुंबकाला काहीच चिकटले नाही. त्या दहा मिनिटांनी मला जे सांगितले, ते ओडोमीटर सांगू शकला नसता.

आता मधल्या इंजिनाविषयी. खांद्यावर पाण्याची कावड घेऊन चटकन वळून पाहावे. दोन टोकांचे वजन वळूही देत नाही आणि वळायला लागले की थांबूही देत नाही. तेच ओझे पाठीशी घट्ट बांधले तर माणूस जागच्या जागी फिरतो. बॉक्सस्टरचे इंजिन सीटच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे असते, हा फरक स्टिअरिंगवर पहिल्याच वळणाला कळतो. याची दुसरी बाजूही आहे: ओल्या रस्त्यावर ऐन वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू तितक्याच चटकन फिरते. एमएक्स-५ उत्तम गाडी आहे आणि बंधूंना एका गाडीत सगळे भागवायचे असेल तर तीच घ्यावी. (तिचे इंजिनही पुढच्या आसाच्या मागेच बसवलेले आहे, हे जाता जाता.)

मिरवण्याचे म्हणाल, तर या गाडीत इंजिन दाखवताच येत नाही. पुढचे बॉनेट उघडले की डिकी, मागचे उघडले तरी डिकी. तेल आणि कूलंट भरण्याची झाकणे तेवढी मागे दिसतात. मेकॅनिकला बहुतेक कामे खालून करावी लागतात आणि मजुरीचे तास त्यामुळेच वाढतात. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात, त्यांच्यापुढे पालापाचोळा साचून ओला राहतो आणि ते कुजतात. बेअरिंगच्या नादात मी तिथे टॉर्च मारून पाहिलाच नाही, आणि तिसऱ्या महिन्यात उजव्या रेडिएटरने भर थंडीत कूलंट रस्त्यावर सोडले. हा खर्च सर्वस्वी माझ्या चुकीचा होता.

आपण लिहिले आहे, की बंधूंनी हेरलेली गाडी २००६ची आहे आणि तिथले एक गॅरेज ‘क्लचबरोबर बेअरिंगही बदलून देऊ’ म्हणते. बेअरिंग नेमक्या कोणत्या प्रकारचे आहे आणि इंजिन न उकलता ते बाहेर कसे काढणार, हे बंधूंनी पैसे देण्यापूर्वी विचारावे. मोठे बेअरिंग असेल, तर क्लचच्या वेळी त्याचे बाहेरचे सील तेवढे काढून टाकतात, म्हणजे इंजिनातले ताजे तेल त्याला मिळत राहते. गॅरेजवाल्याने हे आपणहून सांगितले, तर क्लचचे काम त्याच्याकडे द्यायला माझी हरकत नाही.